खवल्याची पोथी

काशिनाथ उकिडवे मास्तरांनी जनावरांवर दोन पुस्तकं लिहिली होती आणि दोन्ही पुण्याच्या शनिवार पेठेत, खुर्चीत बसून लिहिली होती. जिराफ, कांगारू, बर्फातलं पांढरं अस्वल, सगळी मंडळी इंग्रजी पुस्तकांतून उचललेली. पिंजऱ्याबाहेरचं जनावर म्हणाल, तर मास्तरांनी गल्लीतली कुत्री तेवढी पाहिली होती. पण पुस्तकं खपली, शाळांतून बक्षीस म्हणून वाटली गेली, आणि मास्तरांना तिसऱ्याची हाव सुटली. या खेपेला आपल्याच डोंगरातली जनावरं घ्यायची, कुणी न लिहिलेली. तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की गुंजवण्याच्या वर धनगरवस्ती आहे, तिथं बिरू ढेबे म्हणून एक जण आहे, त्याला नुसती लेंडी दाखवा, तो जनावराचं वय सांगतो.

वय सांगतो ही थाप होती. बाकी बिरूला कळायचं ते पुष्कळ होतं. पन्नाशीला आलेला माणूस, जन्म राजगडाच्या सोंडेखाली म्हशींमागं गेलेला. सात खोपटांची वस्ती. तिथं संध्याकाळी शेकोटीपाशी बाप्ये जमले, की कुणाला रानात काय दिसलं ते निघायचं. कुठं जनावर व्यालंय, कुठं पिलं आहेत, हे तिथं सांगायचंच असे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी त्या अंगाला म्हशी वळवत नसे. आणि ते खाली गावात कुणाला सांगायचं नसे. शेकोटीपाशी सगळे बोलत, पण शेवटी तोंडाकडं बघत ते बिरूच्या. "बिरूदा, तुला काय वाटतं?" त्याच्यापाशी ना जमीन होती ना गावात वजन. हे एक वाक्य ऐकण्यात त्याची सगळी श्रीमंती होती.

छत्तीस सालच्या माघात मास्तर नसरापुरापर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं, आणि शेवटची चढण धापा टाकत चढून वस्तीवर आले. बरोबर वह्या, पेन्सिली आणि आपलं जुनं पुस्तक. त्यांनी ते उघडून जिराफाचं चित्र दाखवलं, तशी वस्ती गोळा झाली. बिरूची बायको आक्काबाई आत गेली, हात धुऊन आली, आणि तिनं पुस्तकाच्या पुठ्ठ्याला हळदकुंकू लावून नमस्कार केला.

"मास्तर, ही कशाची पोथी म्हनायची?" बिरूनं विचारलं.

"जनावरांची."

"जनावरांचीबी पोथी आसती व्हय?"

"असते की," मास्तर हसून म्हणाले.

इथं मास्तरांनी आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. या माणसांना छापलेली वस्तू म्हणून एकच ठाऊक होती, श्रावणात पालीच्या देवळात लागायची ती पोथी. वाचणारा आंघोळ करून बसायचा, ऐकणारा पायताण बाहेर काढायचा. पोथीपुढं जो खोटं बोलेल, नाहीतर अर्धं पोटात ठेवील, त्याची गुरं धड राहत नाहीत, हे पोरासोरांनाही माहीत होतं. मास्तर शिकलेसवरलेले. त्यांच्या ते पहिल्या दिवशीच ध्यानात आलं. पण बिरू पाय धुऊन, मुंडासं नीट बांधून समोर बसायला लागला, विचारलेल्याचं उत्तर डोळे मिटून, आठवून आठवून द्यायला लागला, तेव्हा मास्तरांना वाटलं, असू दे. आपल्याला काय, माहिती खरी मिळतेय.

आठ दिवस बिरू बोलत होता. शेकरू एका वेळी चार-पाच घरटी बांधतं आणि राहतं एकाच घरट्यात. सशाएवढं पिसोरी हरीण भ्यालं की पाय आपटतं. तरस हाडं खातं, म्हणून त्याची लेंडी चुन्यासारखी पांढरी पडते. मास्तरांचा हात लिहून लिहून दुखायला लागला. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "बिरू, खवल्या आहे का रे इकडं?"

बिरूनं मिटलेले डोळे उघडले.

खवल्या मांजर खालच्या गावांतून संपलं होतं. त्याच्या खवल्याची अंगठी मूळव्याधीवर चालते, या समजापायी लोकांनी ते वेचून मारलं होतं. मारायला कष्टही नव्हते. पळत नाही, चावत नाही. भ्यालं की अंगाचं गाठोडं करतं आणि पडून राहतं. वाघाला ते उलगडत नाही, माणूस मात्र उचलून पोत्यात घालतो. आता आख्ख्या डोंगरात एकच ठिकाण उरलं होतं, सावरीच्या झाडाखालच्या उतारावरचा तांबडा बांध. बिरूच्या बापानं तिथं मादी पाहिली होती, बिरूनं पाहिली होती, आणि वस्तीबाहेरच्या एकाही माणसाला ते ठाऊक नव्हतं.

"आसंल कुठं तरी," बिरू म्हणाला.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "पोथीत अर्धं सांगून कसं चालेल, बिरू?"

त्या दिवशी बिरूला भाकरी गेली नाही. संध्याकाळी तो वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या माणसाकडं, सोनबाकडं गेला. सोनबा म्हणाला, "सांगू नगंस. पोथी द्येवाची आसंल, पर मास्तर मानूसच हाय." बिरू घरी आला तर आक्काबाई धार काढत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "द्येवाम्होरं लपवनार व्हय तुमी? तीन म्हशी गाबन हायती आपल्या."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर बिरूनं मास्तरांना वाऱ्याच्या उलट्या अंगानं नेलं आणि बांधासमोरच्या करवंदीत बसवलं. अंधारून यायच्या बेताला बांधातली ओली माती आतून हलली आणि दार उघडल्यासारखी बाजूला झाली. आधी निमुळतं तोंड आलं, मग खवल्यांची पाठ, मग शेपूट. आणि शेपटीच्या बुडख्यावर, गच्च धरून बसलेलं वीतभर पिल्लू. आई वारुळापाशी थांबली, नखांनी माती फोडली आणि हातभर जीभ आत घातली. पिल्लू घसरलं, की ती थांबायची. ते सावरून बसलं, की पुढं चालायची.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, एवढं श्रेय त्यांच्या पदरात घातलंच पाहिजे. "जन्माचं सार्थक झालं रे," ते कुजबुजले. आणि परतताना सावरीपासून बांधापर्यंत त्यांनी पावलं मोजली. तीही लिहून घेतली.

"ही पोथी वाचनार कोन, मास्तर?"

"शाळेतली मुलं. चांगल्या घरची."

बिरूचा जीव भांड्यात पडला. पोथी वाचणारा हात धुऊन बसतो. त्याच्यापासून जनावराला कसलं भय?

पुढच्या माघात मार्गासनीहून टपालवाला पुस्तक घेऊन वर आला. गावच्या शाळामास्तरांना बोलावून ते वाचून घेतलं. बिरूचं नाव त्यात होतं, 'आमचा रानातला मित्र बिरू' असं. वस्ती हरखली. मग शाळामास्तरांनी खवल्याचं पान लावलं आणि खणखणीत आवाजात वाचलं: "गुंजवणे गावापासून दीड कोस चढून गेल्यावर एक एकटी सावर लागते. तिच्या पूर्वेस एकशेवीस पावलांवर तांबड्या मातीचा बांध आहे. मादी दरसाल माघ-फाल्गुनात येथेच पिल्लू वाढवते. भय वाटताच हा प्राणी वेटोळे करतो; मग त्यास उचलणे लहान मुलासही शक्य आहे."

सोनबा उठला आणि निघून गेला. बिरूला ते दिसलं. पण त्या दिवशी त्याला आपलं नाव ऐकू येत होतं. दुसरं काही नीट ऐकू येत नव्हतं. त्यानं पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं आणि आक्काबाईनं त्याच्यापुढं दिवा लावला.

दहा-बारा दिवसांनी तीन माणसं वर आली. पुढं मानसिंग नावाचा एक जण, डोक्याला फेटा, पायांत बूट. मागं दोघे गडी, खांद्यावर कुदळी आणि रिकामी पोती. मानसिंगच्या काखेत तेच पुस्तक होतं. पुठ्ठा पाहताच बिरूनं ओळखलं.

"बिरू ढेबे तूच का? पुस्तकातला?"

"व्हय जी, म्याच."

पोथी घेऊन कोसभर चढून आलेली माणसं. बिरूनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं. आक्काबाईनं निरसं दूध दिलं. कुदळी कशाला, हे विचारायचं बिरूला सुचलं नाही असं नाही. पोथीवाल्यांना असं विचारू नये, असं वाटलं. मानसिंगनं दूध पिऊन मिशा पुसल्या, पान उघडून एकदा सावरीकडं पाहिलं, आणि वाट न विचारता तिघं निघून गेले.

बिरू बराच वेळ अंगणात उभा राहिला. मग कुदळीचा आवाज आला. तो धावत सुटला, तेव्हा पायांत वहाणही नव्हती.

बांध फोडून झाला होता. तांबड्या मातीचा ढीग बाहेर पडला होता आणि गडी पोत्याचं तोंड सुतळीनं आवळत होता. आत पाटीएवढं गाठोडं होतं. आईनं पिल्लाला पोटाशी घेऊन अंगाचं वेटोळं केलं होतं, आणि ते वेटोळं तसंच, जसंच्या तसं पोत्यात गेलं होतं.

"द्येवा, सोडा तिला," बिरूनं मानसिंगचे पाय धरले. "लेकुरवाळी हाय ती. एकलीच ऱ्हायलीय."

"अरे, म्हणून तर आलो. सर्कसवाले खवल्या मागतात, कुठं मिळत नाही." मानसिंगला राग आला नव्हता, उलट तो समजुतीनं बोलत होता. "आणि तू का रडतोस? आम्ही चोरी केली का? तू ठिकाण सांगितलंस, त्यांनी छापलं, आम्ही वाचलं."

खवल्या मांजर कुणी पाळून जगत नाही, मुंग्यांवाचून आठ दिवसांत मरतं, हे बिरूनं सांगितलं. तेही पुस्तकात असायला हवं होतं. बांधावरून परतताना त्यानं मास्तरांना तेही सांगितलं होतं. मानसिंगनं पान उलटून पाहिलं. ते नव्हतं. "इथं तर काही लिहिलं नाही," तो म्हणाला, आणि तिघं उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी बिरूनं पुस्तक फडक्यात बांधलं आणि दोन दिवस चालून पुणं गाठलं. शनिवार पेठेत मास्तरांच्या ओसरीवर पुस्तकांचे गठ्ठे बांधणं चाललं होतं. मास्तरांना खरंच आनंद झाला. त्यांनी आतून चहा मागवला. बिरूनं सगळं सांगितलं, तेव्हा चहाची बशी त्यांच्या हातात तशीच राहिली.

"फार वाईट झालं रे," ते म्हणाले. "फारच वाईट."

"मास्तर, त्येवडं पान काडून टाका पोथीतनं. दुसरं कुनी याया नगं. आजून तिथं येकांदं आलं तर..."

"आता कसं निघेल? दुसरी आवृत्ती छापून झाली. आणि सगळ्यांना तेच पान आवडलंय." मास्तरांनी बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "आणि बिरू, हे पुस्तक आहे. पोथी नव्हे."

बिरूनं फडकं सोडलं. पुठ्ठ्यावर आक्काबाईचं हळदकुंकू वाळून गेलं होतं. त्यानं ते पुस्तक मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं.

"मंग त्या टायमाला का न्हाई सांगितलं?"

मास्तर माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर त्यानं काहीतरी बनवून सांगितलं असतं.

"सांगितलं असतं," मास्तर म्हणाले, "तर तू जागा दाखवली असतीस का?"

चहा तसाच ठेवून बिरू उठला. ओसरीवरचा माणूस गठ्ठ्याला दोरी आवळत होता. त्यानं पाय आखडून बिरूला वाट दिली.

पुन्हा दोन दिवस चालून संध्याकाळी तो वस्तीवर पोचला. शेकोटी पेटली होती, बाप्ये बसले होते. बिरू नेहमीच्या जागी जाऊन टेकला. त्याचा धाकटा भाऊ म्हादू काहीतरी रंगात येऊन सांगत होता. हातानं उंची दाखवत होता, कुठल्याशा पिलाची असावी. बिरूला पाहिलं आणि त्याचा हात खाली आला. कुणी लाकूड सारलं, कुणी खोकलं. बिरू वाट पाहत राहिला. म्हादू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

शेवटी सोनबाच बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर बिरूला बरं वाटलं असतं.

"बिरू, चालून दमला आसशील. जा बाबा, घरात जा जरा. आमाला रानाचं बोलायचंय."

बिरू उठला. खोपटाच्या दारात आक्काबाई पाणी घेऊन उभी होती. मागं म्हादूचा आवाज पुन्हा सुरू झाला, अगदी बारीक, ऐकू जाणार नाही असा. बिरूनं पाय धुतले आणि आत गेला.