खाऱ्या पाण्यातला घास

रविवारी सकाळी शमिकाने टाकीचा दिवा लावला, तेव्हा मासा खडकाजवळ नव्हता. तो अगदी वर, पाण्याला तोंड टेकवून, भराभर कल्ले हलवत होता. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला बोटभर लांबीचा हा एकच मासा आता उरला होता. त्याचा जोडीदार गेल्या आठवड्यात मेला. टाकी नवीन आहे, असं होतं, अशी तेव्हा तिने आईची समजूत घातली होती आणि स्वतःचीही.

टाकी बाबांची. रत्नाकर सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पण प्रयोग काही सुटले नाहीत. जयनगरच्या तिसऱ्या मजल्यावर समुद्र आणायचा त्यांनी घाट घातला. मीठ मोजून कालवलं, खडक मांडले आणि मासे न आणताच कितीतरी दिवस त्या पाण्यासमोर बसून राहिले. माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी वाढायला हवेत, म्हणायचे. "रिकाम्या पाण्यावर राखण करणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शेवटी मासे आले आणि थोड्याच दिवसांत बाबा गेले.

तेव्हापासून आई उठली की आधी टाकीपाशी जाई. तिच्याकडे बघून धावत काचेपाशी येणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. हाही मासा गेला तर आई सकाळी कशासाठी उठेल, ही शमिकाची खरी धास्ती होती. म्हणून तर महादेवपुऱ्याचा आपला फ्लॅट बंद करून ती इथे राहिली होती.

तिने काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, तपासणीचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी हिरवंगार झालं. अमोनिया. म्हणजे आत काहीतरी कुजत होतं. मग तिला पाण्यावरचा तवंग दिसला, वरणावर तुपाचा दिसतो तसा. टॉर्च घेऊन ती खडकामागे वाकली. तिथे फुगून पांढरी झालेली भाताची शितं साचली होती.

आई रोज जेवायच्या आधी बाबांसाठी पानातला एक घास बाजूला काढते, हे शमिकाला माहीत होतं. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी होती, बाहेर खाणं ठेवायला बिल्डिंगमध्ये बंदी होती. मग तो घास जातो कुठे, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं.

तिने गॅलरीत जाऊन शिवाजीनगरात शोभेचे मासे विकणाऱ्या बसवंतला फोन लावला. तो बेळगावकडचा. या कानडी शहरात बाबांचं आणि त्याचं मराठीवरून जमलं होतं.

"भात?" तो म्हणाला. "आणि वर तूप? अक्का, लोणचं तेवढं राहिलं की हो."

"चेष्टा नको. वाचेल का?"

"वाचंल. तूप कागदानं टिपून घ्या, शितं नळीनं ओढून काढा. अर्धं पाणी बदला. नवीन मीठपाणी स्वल्प वेळ पंपावर फिरू दे, मग घाला. आणि आज खायला काही देऊ नका."

शमिकाने तवंग टिपला, शितं काढली. बाबांच्या निळ्या बादलीत फिल्टरचं पाणी भरून मीठ टाकलं, पंप सोडला. आई आंघोळीला, मग स्वयंपाकात होती. तिला काही कळू द्यायचं नाही, असं शमिकाने ठरवून टाकलं.

पण जेवणाच्या वेळी आई उजव्या हाताच्या बोटांत कालवलेला घास धरून टाकीकडे निघाली.

"आई, त्याला आज उपास आहे."

"माशाला?"

"बसवंत म्हणालाय."

"का पण? बघ, कसा वर येऊन बसलाय. भुकेला आहे तो." आई झाकणाला हात घालत म्हणाली, "दहाव्याला कावळ्याने किती ताटकळवलं आपल्याला. हा लगेच येतो."

शमिकाने तिचं मनगट धरलं. "भुकेला नाही गं. त्याला श्वास घेता येत नाहीये. भात कुजतो त्यात."

आई टाकीकडे बघत राहिली.

"पहिला गेला, तोही यानेच?"

"बहुतेक."

"आणि तू मला उपास सांगत होतीस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की. मग?" आईचा आवाज चढला नाही. "ह्यांच्या आजारातही तू तेच केलंस. डॉक्टर तुला बाहेर बोलवायचे, तू आत येऊन म्हणायचीस, सगळं ठीक आहे. मी ह्यांना पुढच्या महिन्याचा किराणा काय आणायचा ते विचारत बसले."

आईने हातातल्या घासाकडे पाहिलं, तो ठेवायला कुठे जागा आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःच्याच तोंडात घातला. सावकाश चावून गिळला.

"चल, काय करायचं ते दाखव."

जेवणं तशीच राहिली. शमिकाने नळीने जुनं पाणी ओढून काढलं, आईने बादल्या मोरीत नेऊन ओतल्या. नव्या पाण्यात तिने सवयीने बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "हे असलं कसं मानवतं याला?" मग मगाने एकेक करत, माशाला धक्का बसू नये अशा बेताने, ते पाणी टाकीत सोडलं.

संध्याकाळ होता होता मासा वरून हलला. अर्ध्या पाण्यापर्यंत आला, तिथे घुटमळला आणि मग खाली खडकाच्या खाचेत जाऊन बसला. कल्ले आता संथ हलत होते.

"जगेल?" आईने विचारलं.

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. "सांगता येत नाही," शमिका म्हणाली. "उद्या परत पाणी तपासायचं. परवाही. हिरवं येत राहिलं तर परत बदलायचं."

"बरं," आई म्हणाली. तिने पदराने हात कोरडे केले, खुर्ची ओढून शमिकासमोर बसली. "आता डॉक्टर बाहेर काय काय म्हणाले, ते सांग."

शमिका पहिल्या रिपोर्टपासून सांगू लागली.