जावयाचं सॉरी

माणूस उगाच सॉरी म्हणत नाही, हे माझं पहिल्यापासूनचं मत. आमचा जावई मात्र उठता-बसता म्हणतो. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की तिच्यामागे तो दिसतो, ताडमाड उंच, हातात कधी झाडू, कधी फडकं, आणि मधूनमधून 'सॉरी'. परक्या देशातला, परक्या भाषेचा, लेकीनं स्वतः निवडलेला. पहिल्या भेटीतच मी ह्यांना म्हटलं होतं, "कुठंतरी पाणी मुरतंय."

ह्यांनी नेहमीसारखी मान हलवली. ह्यांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आमची लॉन्ड्री आहे. काउंटर माझं, पडद्यामागची इस्त्री ह्यांची. जन्मभर लोकांचे कपडे उलटसुलट करून बघितले की संशय अंगात भिनतो. गिऱ्हाईक म्हणतं सॉस सांडला, आणि मला लिपस्टिक ओळखू येते. आणि जे गिऱ्हाईक कपडा टाकतानाच "माफ करा हं" म्हणतं, त्याच्या कपड्यात काहीतरी निघतंच. म्हणून जावयाच्या त्या सॉरीवर माझा डोळा होता.

त्यात लेकीचा आवाज. माझ्याशी बोलताना गोड, पण मान वळवून त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागली की असा चढायचा की फोन कानापासून लांब धरावा. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं आई, आमचं आपलं घरातलं." घरातलं म्हणे! माझी पोर तिकडे परमुलखात ओरडतेय आणि मला एक अक्षर कळत नाही. तिला त्याचा जाच असेल तर सरळ जाऊन तिला घेऊन यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पण आधी खात्री हवी. म्हणून या वयात इंग्रजी.

आमच्या शेजारी दाताचा दवाखाना आहे. तिथली रिसेप्शनिस्ट डॉक्टरांचे ॲप्रन टाकायला येते. मी तिला म्हटलं, "तुझे ड्रेस फुकट इस्त्री करून देते, तू मला रोज दोन वाक्यं शिकव." इस्त्री हेच करणार होते, पण ते वेगळं.

तिनं 'गुड मॉर्निंग'पासून सुरुवात केली.

"असली नकोत," मी म्हटलं. "घरात बोलतात तसली दे. भांडताना बोलतात तसली."

"मावशी, कुणाशी भांडायचंय तुम्हाला?"

"भांडायचं नाही, ऐकायचंय."

मग 'होल्ड ऑन' झालं, 'लीव्ह इट' झालं, 'नेव्हर माइंड' झालं. मी गिऱ्हाइकांवर सराव करायची. एकाला 'टेक युवर टाइम' म्हटलं तर तो बाकावर बसून पेपर वाचायला लागला, उठायचं नावच घेईना. पण कॉलवर मला एकेक शब्द सापडायला लागला. एकदा जावई म्हणाला, 'माय फॉल्ट'. मी तो जपून ठेवला आणि सकाळी रिसेप्शनिस्टला विचारला.

"म्हणजे माझी चूक."

"बघ! कबुलीच दिली की त्यानं."

"अहो मावशी, ते लोक आपण त्यांच्या पायावर पाय दिला तरी सॉरी म्हणतात."

"तू लहान आहेस अजून. चोराच्या मनात चांदणं असतं."

पुढच्या कॉलला तो म्हणाला, 'आय विल डू इट अगेन'. याचा अर्थ 'मी परत करतो' असा निघाला आणि माझी झोप उडाली. परत करतो? म्हणजे एकदा केलंयच!

शेवटी एका दुपारी मी रिसेप्शनिस्टला बोलावून घेतलं. फोन धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला टेकवला आणि तिला बाजूला, दिसणार नाही अशी उभी केली. कॉल लागला. चार शब्द झाले, लेक 'एक मिनिट हं' म्हणत आतल्या खोलीत गेली. स्क्रीनवर राहिला जावई, ओलं भांडं पुसत. आणि आतून तिचा आवाज चढला. सगळा त्याच्यासाठी, सगळा इंग्रजीत.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

ती काहीतरी पुटपुटली. मागे इस्त्रीची वाफ फुसफुसत होती.

"मोठ्यानं सांग गं! आपला आवाज तिकडे जाणार नाही, माइक बंद केलाय मी."

ती मोठ्यानं सांगायला लागली. "किती वेळा सांगायचं? लक्ष कुठं असतं? राहू दे, मीच करते. एक काम धड होत नाही."

पडद्यामागची वाफ थांबली. हे अर्धवट इस्त्री केलेली पँट हातात घेऊन बाहेर आले.

"आता काय चुकलं माझं?"

रिसेप्शनिस्टला हसू फुटलं. मग माझ्याकडे बघून तिनं तोंडावर हात धरला. स्क्रीनवर जावई आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाला, 'सॉरी'.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीला सोडवायला निघाले होते मी. आता कुणाला, कुणापासून सोडवायचं?

हे पँट घेऊन परत आत गेले. मी फोनचा माइक सुरू केला. एक वाक्य मी लेकीसाठी घोकून ठेवलं होतं, तो समोर असताना तिला चटकन विचारता यावं म्हणून. ते मी त्यालाच विचारलं.

"आर यू ओके?"

तो दचकला. आधी त्यानं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "यस, यस," म्हणाला आणि हसला. त्या हसण्यावर माझा काडीचाही विश्वास बसला नाही.

तेवढ्यात लेक आली. "आई, काय विचारत होतीस गं त्याला?" तिच्या आवाजात संशय होता, आणि तो माझ्याच घरचा होता.

"तू त्याच्याशी जरा..." मी म्हटलं, आणि थांबले. कुठल्या तोंडानं सांगणार?

कॉल संपला. रिसेप्शनिस्ट ॲप्रन घेऊन गेली. मी पडदा सरकवला. हे पाठमोरे उभे होते, पँटची घडी नीट बसतेय की नाही ते वाकून बघत होते. तेच वाक्य ह्यांना विचारायचं होतं. इंग्रजीत ते माझ्या तोंडात बसलं होतं, पण आपल्या भाषेत जीभ वळेना. बरे आहात ना, असं मी ह्यांना कधी विचारलंच नव्हतं.

"अहो," मी हळूच हाक मारली.

"करतो, करतो," मागे न बघताच ते म्हणाले. "लगेच करतो."