पाचवं कुलूप

आमच्या विद्यापीठाच्या खजिन्याच्या पेटीला पाच कुलुपं होती आणि चाव्या पाच जणांकडे. पाचही जण समोर असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, असा जुना नियम. मी तिथला शिपाई.

आमच्याकडे कुलगुरू दरवर्षी विद्यार्थ्यांमधूनच निवडत; त्या वर्षी होते फाद्रिके, बड्या घराण्यातले, वय जेमतेम बावीस. राजाचा सरदार गावात येणार म्हणून त्यांना चौकात बैलांची झुंज लावायची होती. पेटीतला पैसा होता गरीब विद्यार्थ्यांच्या इस्पितळाचं छप्पर दुरुस्त करायला. चौघांनी मुकाट्यानं आपापली कुलुपं उघडून दिली. पाचवे, व्याकरणाचे म्हातारे मास्तर ओर्दोन्यो, चावी घेऊन घरात बसले. आजारी पोरं पावसात भिजतायत आणि मी बैलांना पैसे देऊ काय, असं त्यांनी मलाच सुनावलं.

तेव्हा कुलगुरूंनी मला ब्रियांदा लोहारणीकडे धाडलं. ती कुलुपं तिच्या बापानं घडवलेली. बाप गेला, नवराही गेला, भट्टी ती एकटीच चालवायची. छिन्नी-हातोडा घेऊन आली, पेटीपाशी गुडघे टेकून बसली, आणि मास्तर कुठे आहेत म्हणून विचारलं. आजारी आहेत, कुलगुरू म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तिनं छिन्नी परत पिशवीत टाकली.

"मग बरे होऊ द्या त्यांना."

"तुझं काम कुलूप उघडायचं, बाई. चौकशा करायचं नाही."

"बिघडलं असतं तर उघडलं असतं, साहेब. हे बिघडलेलं नाही. आपलं काम करतंय."

"उद्यापासून विद्यापीठात तुझा एक खिळासुद्धा लागणार नाही."

"बरं. मग बाकीच्या चार कुलुपांना तेलही तुम्हीच घालत जा."

आणि ती निघून गेली. हुकूम त्याच दिवशी लेखी निघाला. मग सामोरा गावाहून एक लोहार आणला. दोन छिन्न्या मोडून तोही परत गेला. तोवर गोष्ट गावभर झालेली. फाद्रिके दिसले की विद्यार्थी भिंतीआडून बैलासारखे हंबरायचे. शेवटी झुंज झाली ती त्यांच्या वडिलांच्या खर्चानं.

थंडीच्या तोंडावर, सान मार्तिनच्या सणाला नवे कुलगुरू निवडले गेले. मास्तर काठी टेकत आले, पाचही जणांनी मिळून पेटी उघडली, आणि बर्फ पडायच्या आत इस्पितळावर कौलं चढली.

ब्रियांदावरचा हुकूम मात्र कुणी फाडला नाही. नव्या कुलगुरूंनी माझ्याकरवी निरोप पाठवला: माफीचा अर्ज कर, काम परत देतो.

ती नांगराचा फाळ ठोकत होती. हात न थांबवता म्हणाली, "माफी कोणी कोणाची मागायची, ते आधी ठरवून ये म्हणावं."

अर्ज तिनं शेवटपर्यंत केला नाही.