बारा दिव्यांची पाठवणी

"रामरावजी, हात हालवू नका ना बाप्पा! कथील गरम हाये. चटका बसला तं मलेच बोल लावसान."

फुलसिंग मोटारीच्या मागच्या बाकावर उताणा पडला होता, दोन्ही पाय दाराबाहेर. मी दारातून अर्धा आत वाकून बूट-पॉलिशच्या डबीचं झाकण छताला दाबून धरलं होतं. वैशाखातली दुपार, वर गॅरेजचे तापलेले पत्रे आणि कंबरेत भरलेली उसण. कारंज्याच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर कारकून. कापसाचा हंगाम संपला की मला माशा मारण्यापलीकडे काम नसे, आणि माणूस रिकामा दिसला की त्याला कोणीही राबवून घेतं.

"किती राहिले रे अजून?"

"सात झाले. पाच राह्यले."

म्हणजे अजून दोन दुपारी. मी कपाळाला हात लावणार होतो, पण हातात झाकण होतं.

मोटार जिनिंगच्या शेठजींची, काळी, लढाईच्या आधीची. चालवणारा फुलसिंग. सतरा वर्षं तो ती चालवत होता आणि सतरा वर्षं त्याच गॅरेजमध्ये, तिच्याच शेजारी खाट टाकून झोपत होता. त्याच्या मुलीच्या पाठवणीसाठी शेठजींनी एक दिवस मोटार दिली होती. त्या एका दिवसासाठी गड्यानं हा सगळा खटाटोप मांडला होता. टॉर्चचे दीड डझन बल्ब आणले होते. कल्हईवाल्याच्या हातापाया पडून कथील आणि नवसागर मिळवला होता. गावात नाटक कंपनी आली होती, तिच्या दिवेवाल्याकडून लाल-पिवळ्या रंगाचा चकचकीत कागद मागून आणला होता. पॉलिशच्या डबीचं झाकण आतून घासलं की आरशासारखं होतं. त्यात बल्ब, वर रंगीत कागद, आणि अशी बारा झाकणं मागच्या बाकाभोवती, छताला आणि दोन्ही खिडक्यांच्या काठाकाठानं.

पहिले दोन बल्ब तर जोडल्याबरोबर फट्‌ फट्‌ उडाले. मी म्हटलं, "झालं? आता सोड हा नाद." त्यानं दोन दिवस झाकणांना हात लावला नाही. मग काय डोक्यात आलं कोण जाणे, दोन दोन बल्ब एकामागे एक जोडले, आणि ते टिकले. शाळेची पायरी न चढलेला माणूस! मनातून मला कौतुक वाटलं, पण तोंडानं काही बोललो नाही. कौतुक केलं असतं तर त्यानं मला आणखी तासभर वाकवून ठेवलं असतं.

"फुलसिंग, एक इचारू? हे सारं कायले? पोरगी मोटारीत बसून जाईन, हेच का कमी हाये?"

तो उठून बसला. घाम पुसला.

"आमच्यात पोरगी सासरी निंगाली की बैलाच्या पाठीवर उभी राह्यते, रामरावजी. उभी राहून हवेली म्हनते. गानं हाये ते, निरोपाचं. सारा तांडा खाली उभा राहून तिले पाह्यते. मोटारीत अंधार असते. माही कमली कोनाले दिसनच नाई."

"मंग बैलावरच उभी कर ना बावा."

"कोनाच्या बैलावर? बैल बापाच्या दावनीचा पायजे. माहे बैल म्या इकले, इकडे नोकरीवर आलो त्या साली. दावन सुनी हाये सतरा वर्सांपासून. या शेठजीच्या तीन पोरी म्याच सासरी पोचवल्या, अन् माही पोरगी मांगून आनलेल्या बैलावर चढन?"

माझ्या तोंडाला काही हाड नाही. मी बोलून गेलो, "मंग मोटार तरी तुही कुठं हाये?"

तो पुन्हा उताणा झाला आणि आतूनच म्हणाला, "चालवतो तं मीच ना. धरा ते झाकन."

मी झाकण धरलं.

तिसऱ्या दिवशी बारा दिवे झाले. त्यानं बटण बसवलं नव्हतं. लागलेले दिवे विझवायची वेळ येईल असं त्याच्या मनातच आलं नसावं. बॉनेट उघडून तार बॅटरीला अडकवायची, एवढंच. गॅरेजचं दार लोटून त्यानं तार अडकवली आणि आम्ही दोघं समोर उभे राहिलो. खरं सांगतो, माझी कंबर दुखायची थांबली. जुनाट मोटारीचा मागचा बाक लाल-पिवळ्या उजेडानं भरून गेला होता. फुलसिंग मोटारीभोवती तीनदा फिरला, इकडून वाकला, तिकडून वाकला.

"दिसन ना हो? समद्याइले दिसन ना?"

"दिसन रे बावा. आंधळ्यालेही दिसन."

पाठवणीच्या दिवशी शेठजींनी मलाही सोबत धाडलं. मोटारीवर लक्ष ठेवा, म्हणाले. सतरा वर्षं ज्याच्या हाती मोटार दिली त्याच्यावर लक्ष ठेवायला मी! फुलसिंगला ते कळलं होतं, तरी त्यानं माझ्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. इंझोरी गाव मागं टाकून आम्ही बैलगाडीच्या चाकोरीला लागलो. प्रत्येक खड्ड्याला तो मागं वळून झाकणं पाही आणि मी जीव मुठीत धरून समोर पाही.

तांड्यावर लग्न लागून गेलं होतं. वरपक्षाची माणसं आसेगावकडची. ती लिंबाखाली टेकली होती. तांड्याचे नाईक किसनसिंग पुढं आले, त्यांनी मला बाज दिली, पाणी दिलं. फुलसिंगची बायको धनीबाई झोपडीच्या दारात उभी होती. तिनं मोटारीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं. त्यांची गोरमाटी मला निम्मी कळे. पोरीला मी हवेली बैलावर म्हणायला शिकवली, ती पेटीत बसून कशी म्हणेल, असं काहीसं ती बोलली. फुलसिंग म्हणाला, पाह्य तं खरी.

दिवस बुडाला. कंदील आणले तर फुलसिंगनं ते मागं, मांडवात ठेवायला लावले. "इकडे नको, इकडे नको. माहे दिवे दिसू द्या." कमलीला आणलं. आरसे लावलेली ओढणी, भरगच्च घागरा, हातभर बलोयांच्या पांढऱ्या बांगड्या, आणि चेहरा रडून सुजलेला. तिला मागच्या बाकावर बसवलं, दार लावलं. नवरदेव आणि त्याची माणसं हवेली झाल्यावर बसणार होती. फुलसिंगनं बॉनेट उघडलं, तार अडकवली.

अख्खा तांडा "ओ!" म्हणाला. ओढणीचा एकूण एक आरसा पेटला होता. म्हाताऱ्या बाया तोंडावर हात ठेवून पुढं सरकल्या. किसनसिंग नाईक माझ्या कानाशी म्हणाले, "काय पोरगी दिसून राह्यली हो, देवीवानी!" फुलसिंग बॉनेटपाशी उभा होता. तो हसत होता. सतरा वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग सगळे गप्प झाले. आता ती गाणार.

कमलीनं हात वर केले, ते छताला लागले. खाली घेतले. सूर धरला, दोन शब्द म्हटले आणि थांबली. पुन्हा धरला, पुन्हा थांबली. डोळ्यांवर हात धरून ती काचेला नाक लावून बाहेर पाहू लागली. फुलसिंगनं धावत जाऊन काच खाली केली.

"काय झालं?" मी नाईकांना विचारलं.

"काई दिसून नाई राह्यलं म्हनते. याडी, माय तिची, कुठं हाये, घर कुठं हाये, काईच दिसत नाई म्हनते."

बारा दिवे तिच्या चहूबाजूंनी, दोन तर गालांजवळ. त्या झगझगाटातून बाहेरच्या अंधारात तिला काय दिसणार, कपाळ! आम्ही दिवे लावले ते बाहेरून पाहिले. तार अडकवणारा बाहेर, मी बाहेर. आत बसून बाहेर पाहायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. इतक्या दुपारी झाकणं धरून उभा राहिलेला मी, मलाही नाही. ज्यांना पाहून ती हवेली म्हणणार, ती माणसंच तिला दिसत नव्हती.

"याडी!" ती आतून ओरडली. धनीबाई चार हातांवर उभी होती. तिनं हात हलवला. कमली भलतीकडेच पाहत होती.

वरपक्षात कोणीतरी हसलं.

फुलसिंग बॉनेटपाशी गेला. मला वाटलं, तार हळूच काढून ठेवील. पण त्यानं ती मुठीत धरली आणि अशी ओढली की आतली दोन-तीन झाकणं खळ्ळकन खाली पडली. अंधार झाला. तुटकी तार हातात घेऊन तो अंधारात नाईकांसमोर आला. हात जोडले. मराठीतच बोलला, कदाचित मलाही कळावं म्हणून.

"नाईक, तुमचा बैल द्या. माह्याजवळ नाई."

सगळ्या तांड्यासमोर बोलला. जे शब्द तोंडातून निघू नयेत म्हणून त्यानं एवढा खटाटोप केला, तेच शब्द. किसनसिंग भला माणूस. "बैल कोनाचा अन् काय, लेक तांड्याची हाये," एवढंच म्हणाले आणि स्वतः जाऊन बैल सोडून आणला. त्याच्या पाठीवर झूल टाकली. मांडवातले कंदील पुढं आले.

कमली बैलावर उभी राहिली. एका बाजूनं तिच्या मामानं तिचे पाय धरले होते, दुसऱ्या बाजूला नाईक बैलाचा कासरा धरून उभे होते. आता तिला सगळे दिसत होते. एकेकाकडे पाहत तिनं हात वर केले आणि सूर धरला. बायांनी पदर तोंडात कोंबले. मी परका माणूस, मला गाण्याचे शब्द कळत नव्हते. पण खोटं कशाला सांगू, मी रडलो.

"काय म्हनते हो?" मी डोळे पुसत नाईकांजवळ जाऊन विचारलं.

"बापाच्या हवेलीले आशीर्वाद देऊन राह्यली," नाईक म्हणाले. "म्हनते, माह्या बापाची हवेली अशीच उभी राहो. माह्या बापाच्या हवेलीत दूध-दुभतं राहो. मी चालली, हवेली, तू डगमगू नको."

मी समोर पाहिलं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, रिकामी दावण. कमलीचे दोन्ही हात त्या झोपडीकडे होते. फुलसिंग माझ्या बाजूला येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातातली तार खाली लोंबत होती.

"रामरावजी," तो अगदी हळू म्हणाला, "ते माह्या घराले म्हनून राह्यली."

"हो."

"तठी मी राह्यलोच नाई हो. सतरा वर्सांत मोजून पंधरा-वीस राती."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. घामानं सदरा चिंब होता.

हवेली संपली. कमलीला खाली उतरवलं. ती आईच्या गळ्यात पडली, मामाच्या पडली, नाईकांच्या पडली. मग इकडेतिकडे पाहू लागली. ती बापाला शोधत होती. फुलसिंग एक पाऊल पुढं झाला.

तेवढ्यात लिंबाखालून वरपक्षाचा एक म्हातारा उठला. लांबचं जायचं होतं, त्याला उशीर होत होता. अंधारात त्याला कोण कुठं उभं आहे ते काय दिसणार. त्यानं मोटारीच्या दिशेनं मोठ्यानं हाक दिली.

"ओ डायवर! चला ना आता!"

"जी, आलो," फुलसिंग म्हणाला आणि वळून मोटारीकडे गेला.