नीट मध्यभागी

ऑफिसात त्याला सगळे बटनवाले म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये माणूस जिथे म्हणून बोट लावतो, ते सगळं तो बनवायचा. बटनं, सरकपट्ट्या, तारीख निवडायच्या चौकटी. बरं, एकदा बनवून सुटका नाही. ब्राउझरमध्ये प्लगइन नावाचा जोडप्रोग्रॅम घालून चालणारं एक, डेस्कटॉपसाठी दुसरं, फोनसाठी तिसरं. प्रत्येक प्लॅटफॉर्मची तऱ्हा वेगळी, पण बटन सगळीकडे तेच दिसलं पाहिजे. तिन्हीकडच्या बटनांची चित्रं तो एकावर एक ठेवून बघायचा, आणि ठिपक्याचाही फरक निघाला नाही की स्वारी दिवसभर खुशीत.

त्याच्या दादाला हे ऐकून फार मजा वाटली होती. दादाचं केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. कात्री थांबली तरी तोंडाचा पट्टा थांबत नसे. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत तो म्हणाला होता, "म्हणजे तिघांनाही एकच कट मारायचा? आणि एखादा टकला निघाला तर रे, बटन्या?" खुर्चीतला माणूस इतका हसला, की दादाला वस्तरा लांब धरावा लागला. तेव्हापासून घरात तो बटन्याच झाला.

मग दादाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात उरला, तोही थरथरणारा. डोकं मात्र शाबूत. सगळं कळायचं, सगळ्यावर काहीतरी बोलायचं असायचं, आणि तोंडातून नुसता घरघर आवाज. गल्लीभर बोलणारा माणूस असा गप्प बसलेला बघवत नव्हता.

बटन्याने रजा टाकली आणि दादासाठी बोलणारा फळा बनवला. बोट लावायच्या स्क्रीनवर मोठमोठी बटनं, दाबलं की शब्द मोठ्याने ऐकू येई. 'पाणी'. 'पाठीला उशी'. 'टीव्ही बंद करा'. आवाज बटन्याने स्वतःचाच भरला, कारण यंत्राचा आवाज ऐकून दादाने तोंड वाकडं केलं होतं. तेव्हा हाताशी जे होतं, त्या प्लगइनमध्येच त्याने ते केलं. पण एक अडचण निघाली. दादाचं बोट पडायचं बरोबर बटनावर, पण थरथरत घसरायचं आणि उठायचं भलतीकडेच. बटन्याने दादाशेजारी बसून प्रोग्रॅममध्ये तीन-चार ओळी लिहिल्या, बोट जिथे टेकलं तेच खरं, उठताना कुठेही उठो. वापरून बघ म्हणाला. दादाने बोट टेकवलं, ते घसरत पार कडेला गेलं, आणि फळा बोलला, "पाणी." वहिनी धावत पाणी घेऊन आली. दादा इतका हसला की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

त्यानंतर फळ्यावर काय काय आलं ते सांगायची सोय नाही. दादाच्या खुणांवरून 'पुढचा!' आलं, जे तो दुकानात नव्या गिऱ्हाइकाला पुकारायचा. 'गप रे' आलं. 'बटन्या' आलं. वहिनी म्हणायची, "आधी जीभ आवरत नव्हती, आता बोट आवरत नाही." पण हे सांगताना ती खूश असायची.

काही वर्षांनी ते प्लगइन जगभर बंद व्हायचं ठरलं. कंपनीत एकच धावपळ उडाली. सगळी बटनं पुन्हा पहिल्यापासून, नव्या पद्धतीने. बटन्याच प्रमुख होता, तेव्हा नियमही त्यानेच लिहिले. त्यातला एक त्याला विशेष आवडायचा. बोट दाबलेल्या अवस्थेत बटनाबाहेर सरकलं, तर ते दाबणं रद्द धरायचं. चुकून 'काढून टाका'वर बोट पडलं, तर माणसाला हळूच निसटता आलं पाहिजे. नियम चांगलाच होता, हजारोंना त्याने वाचवलं असेल.

दादाचा फळाही हलवायचा होता. दोन कामांच्या फटीत त्याने तो उघडला आणि जुनी बटनं काढून कंपनीची नवी घातली. काढता काढता त्या तीन-चार ओळी समोर आल्या. बोट बाहेर उठलं तरी दाबलं असं धरा. काय येडपटासारखं लिहायचो आपण, असं म्हणून तो हसला आणि त्या ओळी पुसून टाकल्या. कशासाठी लिहिल्या होत्या, ते त्याला आठवलं नाही. मग जुन्या आणि नव्या फळ्याची चित्रं एकावर एक ठेवून पाहिली, ठिपक्याचाही फरक नव्हता. सगळी बटनं स्वतःच्या धडधाकट बोटाने दाबून पाहिली आणि नवा फळा टॅबलेटवर घालून दादाच्या घरी पाठवून दिला.

वहिनीचा फोन लवकरच आला. "भाऊजी, यांची बटनं लागत नाहीत हो. नुसती उजळतात आणि विझतात."

त्याच्या समोर मीटिंग खोळंबली होती. "वहिनी, मी सगळी तपासलीयत. तुम्ही दाबून बघा."

"मी दाबलं की लागतं."

"मग झालं तर. दादाला म्हणावं, नीट मध्यभागी दाब. आणि बोट सरळ वर उचल."

"सांगते," वहिनी म्हणाली.

पुढे तो कधी मधी विचारायचा, फळा कसा चाललाय. वहिनी म्हणायची, सराव चालू आहे. मग म्हणू लागली, हल्ली यांचं मनच नाही. डॉक्टर म्हणाले होते, तब्येत हळूहळू उतरत जाईल. बटन्याने ते ऐकलं आणि मनातल्या मनात मान्य करून टाकलं. त्याला दुःख झालं नाही असं नाही. पण कामाचा डोंगर होता, आणि दादाचं वय झालं असं म्हणून त्या दुःखाला बाजूला सारता येत होतं. असं वर्ष गेलं.

शेवटी सुट्टी मिळाली आणि तो गेला. दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. त्याला पाहून डोळे भरून आले दादाचे, पण हात मांडीवरच राहिला. टॅबलेट समोरच्या टेबलावर होता, स्वच्छ पुसलेला.

"बोल की दादा," बटन्या म्हणाला. "माझ्या नावाने हाक तरी मार."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी वाकून, लहान मुलाला सांगावं तशी म्हणाली, "नीट हं. मध्यभागी. आणि सरळ वर." दादाने हात उचलला. श्वास रोखला. बोट 'बटन्या'च्या बरोब्बर मधोमध पडलं, बटन उजळलं, बोट थरथरत घसरलं, कडेबाहेर गेलं आणि उठलं. बटन विझलं. फळा काही बोलला नाही. दादाने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग त्याने हात मांडीवर नेला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

 त्या तीन-चार ओळी बटन्याला जशाच्या तशा आठवल्या, दादाच्या सदऱ्यावर सांडलेल्या पाण्यासकट.

"वहिनी, हा असंच दाबत होता? पहिल्यापासून?"

"असंच. मी रोज बसवायचे हो यांना सरावाला. तुम्ही म्हणालात ना, नीट दाबलं की लागतं म्हणून. कितीदा सांगायचं, म्हणून..." ती थांबली. "ओरडलेसुद्धा मी. एकदा तर हात बाजूला ढकलला यांचा."

"चूक त्याची नव्हती," बटन्या म्हणाला. "माझी होती. तो बरोबरच दाबत होता."

 वहिनी नुसती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने तिथेच जमिनीवर बसून लॅपटॉप उघडला. काम ते केवढं. चहा निवायच्या आत झालंसुद्धा. एवढ्याशा कामासाठी दादा वर्षभर मुका बसला होता, आणि मुका का, तर आपलाच हात नालायक आहे असं समजून. हे आपण केलं, परक्याने नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा डाचत होतं. त्याने टॅबलेट दादासमोर धरला.

"दादा, झालं. आता कसंही दाब, कुठेही उचल. चुकत नव्हतास तू. माझंच चुकलं होतं. ऐकतोयस ना?"

दादाने मान हलवली. पण हात काही उचलला नाही.

"दाब ना, दादा. एकदाच."

दादाने त्याच्याकडे बघितलं. जुन्या गिऱ्हाइकाने हट्ट धरला की बघायचा, तसंच, समजुतीने. मग हात उचलला, पण फळ्याकडे नेला नाही. त्याने बटन्याचं मनगट धरलं. वर्षभराचा सराव होता, कसं करायचं ते त्याला पाठ होतं. धाकट्या भावाचं बोट त्याने हळूहळू पुढे नेलं, 'बटन्या'च्या वर आणलं, डोळे बारीक करून मध्यभाग पाहिला आणि टेकवलं. त्याच्या हाताची थरथर बटन्याच्या बोटात उतरली. बोट घसरलं, कड ओलांडून पलीकडे गेलं आणि तिकडेच उठलं.

"बटन्या," फळा बोलला, बटन्याच्याच आवाजात.

दादाचा चेहरा उजळला. त्याने मनगट सोडलं, भावाच्या बोटावर दोनदा थोपटलं, बघ, तुझं बोट कसं लागतं, असं. मग आपला हात मांडीवर परत नेला आणि सदऱ्याच्या टोकाखाली झाकून ठेवला.