दोनदा मोजलेला पुंजका

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये खिडकीजवळ बसून मला एकवीस वर्षं झाली. रक्त, पू, थुंकी, सगळं माझ्याखालून गेलं, पण मला कधी किळस आली नाही. मंगळवारी मात्र आली, आणि ती अजून गेलेली नाही.

नवा होतो तेव्हा मला हार घालून पेढे वाटले होते. आता माझ्यावरचं फडकंसुद्धा कुणी धूत नाही. ते जाऊ दे.

चंदगडच्या झुंबरबाईंच्या गळ्याला गाठ होती. थायरॉईडमध्ये सुई घालून काढलेला नमुना काचेवर पसरून माझ्याखाली आला. नियम सोपा आहे. थायरॉईडच्या पेशींचे किमान सहा पुंजके हवेत, प्रत्येकात दहा तरी पेशी. तेवढे नसतील तर गाठ साधी आहे असं म्हणायचं नाही, ‘नमुना अपुरा’ लिहायचं.

डॉक्टर उन्मेष एका हातात मोबाइल धरून मोजत होते. पाच झाले. काच सरकवत ते फिरून पाचव्यावरच आले आणि म्हणाले, “सहा.” अहो, मी बघत होतो की! तोच पुंजका, त्याचं तेच वाकडं शेपूट. “बाई लांबून आलीय, परत कशाला टोचायचं,” असं पुटपुटत त्यांनी ‘गाठ साधी’ लिहून टाकलं. दया म्हणे! शिसारी आली मला. त्यांची जेवायची वेळ झाली होती, दुसरं काही नाही.

नशीब, रिपोर्टवर दुसरी सही भैरवी मॅडमची लागते. त्या इथल्या नव्या डॉक्टर. त्यांनी काचेवर प्रत्येक पुंजक्यापाशी पेनानं ठिपका दिला.

“सर, ठिपके पाचच आहेत.”

“एकानं काय होतंय?” डॉक्टर म्हणाले.

“ते बाहेर बसलेल्या बाईंना सांगा. मी सही करणार नाही.”

सांगायला शेवटी मॅडमच गेल्या. झुंबरबाईंचा आवाज दारातून आत आला. “पुन्हा सुई? मघाशी झालं म्हणालासा की.”

“मावशी, नमुना कमी पडला. गाठ कसली आहे ते आम्हाला कळलेलंच नाही.”

त्या म्हणाल्या, “कळलं न्हाय ते न्हाय म्हणून सांगितलंसा, बरं केलंसा. टोचा.”

दुसऱ्या काचेवर अकरा पुंजके मिळाले. त्यांतल्या तीन पुंजक्यांच्या पेशी मला बऱ्या दिसल्या नाहीत, मॅडमनाही नाही. झुंबरबाईंचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. वेळेत सापडलं, असं सगळे म्हणतात.

मित्रांनो, माझी भिंगं पुसलीत, फडकं धुतलंत तर उपकार होतील. नाही पुसलीत तरी मी धुरकट भिंगातून पाच पुंजके पाचच दाखवीन. तुम्ही तेवढे पाचच मोजा.