वरच्या बाई

आई कंटेनरच्या यार्डात क्रेन चालवायची. त्या कामावर घेतलेली ती पहिली बाई. यार्डात तिला सगळे 'वरच्या बाई' म्हणत. केबिन इतकी उंच, की खालून तिचा चेहरा कधी दिसायचा नाही. काचेमागे काहीतरी हललेलं तेवढं कळायचं.

तिच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कमी पिता का?"

"मी उंट आहे, डॉक्टर," आई म्हणाली. घरीही ती हेच म्हणायची, आणि लहानपणी मला त्याचं कौतुक वाटायचं.

बायकांचं स्वच्छतागृह एकच, ऑफिसच्या इमारतीत. शिडी उतरायची, अख्खं यार्ड ओलांडायचं, शिपायाकडून किल्ली मागायची. तोवर खाली ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खायचे. पुरुष कंटेनरच्या आडोशाला जात. आई कामाच्या दिवशी पाणी तोंडाला लावत नसे. जवळ सोय का मागितली नाहीस, असं मी तिला विचारलं ते थेट दवाखान्यात.

"मागितली असती तर म्हणाले असते, म्हणूनच बायका नकोत इथं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या मॅडमचा फोन आला. सर्वांना समान संधी, अशा विषयावर कार्यक्रम होता. आईचा फोटो सभागृहात लावायचा होता. मी यावं, दोन शब्द बोलावेत.

पहिल्या रांगेत माझ्या शेजारी कामाचे जाड बूट घातलेली एक मुलगी बसली होती. क्रेनवर आता ती एकटीच बाई. तिला शिकवलं आईनं, म्हणून सगळे तिला 'धाकटी' म्हणत. चहा आला. तिनं मान हलवली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तोही तिनं माझ्याकडे सरकवला.

"घ्या की," मी म्हटलं.

"नको ताई. दुपारची पाळी आहे."

तिचे ओठ सोललेले होते.

"हे कुणी शिकवलं?"

"वरच्या बाईंनीच. तहान लागली की चूळ भर आणि थुंकून टाक, म्हणायच्या. सवय होते." ती थोडी हसली. "मला अजून नाही झाली."

व्यासपीठावर माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले तशी तिनं माझं मनगट धरलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे.

"ताई, तेवढा विषय नका काढू. खाली उतरवतील मला. मग परत कोण चढवतंय?"

मी हात सोडवून घेतला. आईचं कौतुक ऐकायला जमलेल्या त्या माणसांना मी सांगितलं, की माझी आई पाणी न पिऊन पिऊन मेली. क्रेनजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा. धाकटीचा उल्लेख मी केला नाही. करायची गरजच नव्हती, सगळे तिच्याकडेच बघत होते.

मागून यार्डाचा मुकादम म्हणाला, "आजार काय, कुणालाही होतो. माझा साडू दिवसाला बादलीभर पाणी प्यायचा, तोही गेलाच की." एकदोघं हसले.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. कार्यक्रम संपताच त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, आणि आम्हा दोघींना आपल्या खोलीत बोलावून घेतलं. मुकादमही आला.

"तुम्ही बोललात ते फार बरं झालं," त्या मला म्हणाल्या. "साहेबांनी लगेच मनावर घेतलंय. सोय होईपर्यंत क्रेनवर एकाही बाईला पाठवायचं नाही. हिला आजपासून गेटवर पास द्यायला बसवतोय."

"सोय कधी होणार?"

"प्रस्ताव पाठवावा लागेल ना. पण हिच्या तब्येतीशी आता खेळ नको."

"बसून काम, पंख्याखाली," मुकादम म्हणाला. "चांदी झाली की पोरीची. दुपारी आमच्या पुतण्याला चढवतो वर."

धाकटीनं कुणाकडेच पाहिलं नाही. गळ्यातला क्रेनचा पास काढून तिनं टेबलावर ठेवला.

मी सभागृहात गेले, खुर्चीवर चढले आणि आईचा फोटो भिंतीवरून काढून घेतला. मॅडम मागोमाग आल्या. "अहो, हे काय करताय?"

"क्रेनवर बाई नको, तर भिंतीवर कशाला?"

फोटो काखेत मारून मी निघाले. दारात धाकटी उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"त्यांना घेऊन चाललात," ती म्हणाली. आवाज अगदी खालचा होता. "माझं काय? तुम्ही फोटो नेल्यानं मी वर चढणार आहे का?"

मी मागे फिरले. मॅडमच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसले, फोटो मांडीवर घेऊन. थोड्या वेळानं शेजारची खुर्ची सरकली आणि धाकटी बसली.

"कार्यक्रम संपलाय," मॅडम हळूच म्हणाल्या.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "प्रस्ताव लिहायला घ्या. आम्ही थांबतो."

खिडकीतून क्रेन दिसत होती. मुकादमाचा पुतण्या शिडी चढायला लागला होता.